उजव्या कोपऱ्यातला समुद्र

सौंसरात आमच्या बैठकीला लोक माझ्या पाठीमागे 'टाकीज' म्हणतात आणि तोंडावर 'वा!' म्हणतात. मला दोन्ही चालतं. समोर भिंतभर टीव्ही, त्याखाली अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या आजूबाजूला तीन स्पीकर, मागच्या दोन कोपऱ्यांत छताजवळ एकेक, आणि सोफ्याशेजारी जमिनीवर एक जाडा डबा, ज्याला 'धडाम्' एवढंच बोलता येतं. टीव्हीच्या पाठीमागे तळहातात मावेल अशी एक काळी डबी लोंबते. इंटरनेटवरचे सिनेमे त्या डबीतून येतात. हे सगळं मी पांढुर्ण्याच्या एका दुकानातून आणलं आणि स्वतः भिंतीला भोकं पाडून बसवलं. चुकलेली भोकं कॅलेंडरांमागे आहेत. आमच्या बैठकीत कॅलेंडरं जरा जास्तच आहेत.

बायको या सगळ्याला 'तुमचे डब्बे' म्हणते. दसऱ्याला मात्र माझ्या दुकानातला फवारणीचा पंप आणि विहिरीवरचं स्टार्टर पुजून झाल्यावर ती स्टुलावर चढली आणि स्पीकरांनाही हळदीकुंकू लावून आली. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर तो डाग अजून आहे. 'चालू राहिले म्हणजे झालं,' म्हणाली, 'नाहीतर तुम्ही सुट्टीच्या दिवशी माझ्या मागे मागे फिरसान.'

आमच्याकडे पाहुण्यांना तोटा नाही. शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला आलेले नातेवाईक परतताना हमखास चहाला थांबतात. चहा उकळेपर्यंत मी त्यांना सोफ्याच्या बरोबर मधोमध बसवतो आणि डाकूंच्या एका सिनेमातला पाठलाग लावतो. सगळीकडून टापाच टापा. पाहुणे आधी छताकडे बघतात, मग माझ्याकडे. 'घोडा अंगावरून गेला ना भाऊ!' नागपूरच्या साडूभाऊंनी तर पाय वर घेतले होते, चहा सांडला तो वेगळाच. कृषी केंद्र चालवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात कौतुकाचे प्रसंग कमी येतात. कीड गेली तर औषधाच्या कंपनीचं नाव होतं, नाही गेली तर माझं. त्यामुळे हे शनिवार मी जपून वापरत होतो.

मग ताई आली.

ताई आम्हा भावंडांत सगळ्यात मोठी. लग्न होऊन नागपूरला गेली, तरी संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत दरवर्षी आठ दिवस माहेरी यायची. तिच्या डोळ्यांत काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलं झरोक्याएवढं उरलं, आणि आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. भाऊजी गेल्यावर ती एकटीच राहायची. आता मुलगा तिला बंगलोरला नेणार होता. नागपूरचं घर रिकामं करून ती शेवटचे चार दिवस आमच्याकडे आली होती. रविवारी संध्याकाळी भाचा गाडी घेऊन यायचा होता.

'पुढच्या तोडणीला येशील ना?' मी विचारलं.

'पाहू,' ती म्हणाली.

आमच्या घराण्यात 'पाहू'चा अर्थ सगळ्यांना पाठ आहे.

ताईने सिनेमा बघणं सोडून दिलं होतं. जिला सिनेमाशिवाय जेवण जात नसे, तिने. मी एकदा फोनवर कारण विचारलं तर म्हणाली, 'मी बसली की कोणीतरी कानाशी लागते. आता तो आला, आता ती रडून राहिली, आता गाडी पलटली. मले पिच्चर नाही ऐकू येत रे बाबू, लोकाइचं तोंडच ऐकू येते.'

तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. ताई जायच्या आधी तिला एक अख्खा सिनेमा दाखवायचा, कानाशी कोणी न लागता. कोण कुठे उभा आहे, कोण मागून आला, गाडी कोणत्या बाजूने गेली, सगळं तिचं तिला कळलं पाहिजे. आणि माझ्याकडे तर सहा डबे होते!

हे तिच्याचसाठी का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमची संत्र्याची वाडी रामाकोन्याच्या बाजूला होती. टाकीज सौंसरात. मावशी सौंसरला राहायची, आणि ती सिनेमाला न्यायची फक्त ताईला. आम्ही दोघे भाऊ, मधला आणि मी, टाकीजमध्ये प्रश्न फार विचारतो असा तिचा अनुभव होता. ताई सिनेमा बघून परत आली की दुसऱ्या दिवशी वाडीत, झाडाखालच्या गवतावर संत्र्यांचा ढीग निवडायला बसलेल्या बाया तिची वाट बघत असायच्या. मोठा माल इकडे, लहान तिकडे, डागी वेगळा, आणि ढिगाच्या पलीकडे उभी राहून ताई सिनेमा सांगायची.

नुसता सांगायची नाही. तिने आम्हाला जागा नेमून दिल्या होत्या. मी बायांच्या पाठीमागे डाव्या बाजूला, नारळाच्या दोन करवंट्या घेऊन. माझ्याकडे घोडे. मधला पाठीमागे उजव्या बाजूला, सुपात तुरीचे दाणे घेऊन. सूप हळूच एकीकडे कललं की दाणे सर्रकन जायचे, दुसरीकडे कललं की परत यायचे. त्याच्याकडे समुद्र.

आमच्यापैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. कन्हान नदीला पूर आलेला पाहिला होता, तेवढंच. पण त्या वेळच्या सिनेमांत नायक-नायिका घरच्यांशी भांडले की थेट समुद्रावर जायचे, त्यामुळे मधल्याला काम फार असायचं.

'मागूनच कायले?' मी एकदा भांडलो होतो. 'मलेही समोर उभं राहायचं हाये.'

'समोर आला तर दिसशील ना तू,' ताई म्हणाली. 'करवंट्या दिसल्या की घोडा गेला.'

मी घाई फार करायचो. ती 'अन् तेवढ्यात' म्हणाली रे म्हणाली, की माझा घोडा सुटायचा. 'अन् तेवढ्यात त्याच्या आईने ताट वाढलं' असं तिला म्हणायचं असायचं, आणि मागून टपाक् टपाक्. बाया हसून हसून निवडलेला माल कालवायच्या, आणि बाबा ओरडायचे ताईवर. मधला मात्र कधी चुकला नाही. तो सूप मांडीवर घेऊन अर्धा अर्धा तास नुसता बसायचा, आणि त्याचा समुद्र असा सुरू व्हायचा की तो केव्हा सुरू झाला हेच कळायचं नाही.

पुढे मी समुद्र पाहिला. ताईनेही पाहिला. मधल्याचं जाणं राहून गेलं. दरवर्षी पुरीला जायचं म्हणायचा, आणि दरवर्षी कापूस वेचायला यायचा. मग एका उन्हाळ्यात तोच गेला, छातीत कळ येऊन. आम्हा तिघांत समुद्र न पाहिलेला तो एकटा, आणि समुद्र करता येत होता तोही त्याला एकट्यालाच.

तर, ताई आली त्या संध्याकाळी मी तिला सोफ्याच्या मधोमध बसवलं आणि सवयीने खिडकीचे पडदे ओढायला लागलो.

'पडदे कायले ओढून राहिला?' ताई म्हणाली. 'माह्यासाठी?'

स्वयंपाकघरातून बायको खळखळून हसली. मी पडदे तसेच सोडले आणि तो नेहमीचा पाठलाग लावला. टापा सुरू झाल्या. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून. मी ताईच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिने मान थोडी डावीकडे केली, मग उजवीकडे, मग कपाळाला आठी घातली.

'एक घोडा हाये का चार?'

'एकच हाये. बाकीचे मागे राहिले. का?'

'मग तो चारी कोपऱ्यातून एकाच वेळी कसा येऊन राहिला?'

'अगं, त्यालेच तर सराउंड म्हणतात!'

'सराउंड नाही व्हय, भरती हाये ही,' ताई म्हणाली. 'समोरच्या डब्ब्यात जे वाजून राहिलं तेच मागच्या डब्ब्यात. तो माणूस बोलला ना आता, तो माह्या पाठीमागेही बोलला. दोन तोंडं हायेत का त्याले?'

मी म्हणालो, इतक्या पाहुण्यांनी ऐकलं, कोणीच असं म्हटलं नाही. सगळ्यांना आवडलं.

'सगळ्याइले दिसते ना, बाबू.'

ती हे रागाने बोलली नाही. उलट माझा हात शोधून थोपटला, आणि 'बंद कर, आपण बोलत बसू' म्हणाली. ते थोपटणं मला साडूभाऊंच्या सगळ्या कौतुकांपेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकान नोकरावर सोडून मी जमिनीवर मांडी घातली. माहितीपुस्तक चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ बघितला, तो हिंदीत इतक्या भराभर सांगत होता की त्याची गाडी सुटत असावी. एवढं कळलं की दुकानदाराने विकतानाच अ‍ॅम्प्लिफायरला 'सगळ्या स्पीकरांत तेच' अशी आज्ञा देऊन ठेवली होती. ती काढली. मागचे दोन्ही डबे ठार मुके झाले. म्हणजे आजवर त्यांच्यापर्यंत त्यांचं स्वतःचं असं काही पोचलंच नव्हतं. समोरच्यांची नक्कल करून ते माझी अब्रू राखत होते.

मी पांढुर्ण्याला गेलो. दुकानदार माझ्या ओळखीचा.

'पिच्चर दिसून राहिलं ना भाऊ?' त्याने विचारलं.

'दिसून राहिलं.'

'आवाज येऊन राहिला?'

'येऊन राहिला, पण...'

'मग झालं ना! लोकाइचे तर दोन्ही बंद असतात.' आणि त्याने मला एक जाडी वायर दिली. मी ती घेऊन आलो. काही फरक पडला नाही, पण माझ्याकडे आता जाडी वायर आहे.

शेवटी घोडं कुठे अडलं ते समजलं. डबीतून निघालेला आवाज आधी टीव्हीकडे जायचा आणि टीव्हीकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे. डबी बिचारी पाचही स्पीकरांचा आवाज वेगवेगळा बांधून पाठवत होती. टीव्ही मध्ये बसून ते गाठोडं सोडायचा, सगळं एकत्र कालवायचा, आणि दोन स्पीकरांपुरतं पुढे सरकवायचा. आमच्याकडे ताईचा फोन येतो तेव्हा हेच होतं. बायको पाऊण तास बोलते, हसते, मध्येच पदराने डोळे पुसते, आणि फोन ठेवल्यावर मला सांगते, 'बऱ्या आहेत.'

'यावर उपाय काय?' ताईने विचारलं. ती माझ्या बाजूला खुर्चीत बसून संत्री सोलत होती आणि एक फोड मला, एक स्वतःला असं चाललं होतं.

'टीव्हीत एक पासथ्रू म्हणून असते. ते लावलं की तो मध्ये हात नाही घालत.'

'म्हणजे गाठोडं सोडू नको, जसं आलं तसं पुढे दे.'

'हो.'

'मग लाव ना. टीव्हीले वाईट वाटते का?'

लावलं. सगळाच आवाज गेला. समोरचा, मागचा, धडामवाला, सगळे गप्प. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती. बायको दारात येऊन उभी राहिली, बघितलं, आणि म्हणाली, 'अगं बाई, आता तर खरंच काही ऐकू नाही येत. प्रगती हाये.'

तो सगळा शनिवार मी डबीच्या यादीत खालीवर करत होतो. पाहुणे आले, चहा पिऊन गेले, कोणालाही घोडा दिसला नाही. टीव्हीने आता गाठोडं न सोडता पुढे दिलं होतं, पण डबी कोणत्या तरी नव्या पद्धतीने बांधत होती आणि माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याची गाठच सुटत नव्हती. डबीत बांधायच्या पद्धतींची यादी होती. मी एकेक निवडत होतो. काहीच होत नव्हतं. मी रिमोट सोफ्यावर टाकला.

'आता जे केलं ते परत कर,' ताई म्हणाली.

'काय केलं?'

'टिक् वाजलं. त्या खालच्या डब्ब्यात. मघापासून वाजलं नव्हतं.'

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी परत केलं. जमिनीशी कान नेला. खरंच, अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात बारीकसं टिक् झालं, जसं कोणी कुलूप काढावं. त्याच्या काचेवर इतके दिवस जे अक्षर होतं ते जाऊन दुसरंच निळं अक्षर आलं. आणि टीव्हीतला माणूस बोलला. एकाच तोंडाने, समोरून.

मी लहान मुलासारखा ओरडलो असेन, कारण बायको पोळी लाटता लाटता लाटणं घेऊनच बाहेर आली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. ताईची बॅग दाराशी भरून ठेवलेली. ज्याच्या नावापुढे पाच स्पीकरांची खूण होती असा एक सिनेमा मी निवडला. कोळ्यांच्या वस्तीतलं घर, दोन भाऊ, एक म्हातारा बाप. मी ताईला एवढंच सांगितलं आणि तिने बोट ओठांवर ठेवलं. 

सिनेमा चालू झाला. माणसं समोर बोलत होती. भांडी समोर वाजत होती. बाप डावीकडून आला, ताईने मान डावीकडे केली. मागच्या कोपऱ्यांतून मात्र काहीच नाही. मी मिनिटभर कळ काढली. मग उठलो, एका स्पीकरला कान लावला, दुसऱ्याला लावला. मुके. पुन्हा बिघडलं होतं. मी रिमोट उचलला.

'काय करून राहिला?'

'मागचे बंद पडले. जुनी सेटिंग लावतो, निदान वाजतील तरी.'

'चूप बस,' ताई म्हणाली. 'मागचे चूपच राहतात. त्याइचं काम आलं की वाजतील. तू लहानपणीही असाच. माह्या नायकाने चप्पलही नाही घातली अन् तुझा घोडा येऊन जाय.'

मी बसलो. बायको माझ्याकडे बघून हसली आणि तीही बसली, जमिनीवर, भिंतीला टेकून, शेंगा निवडायचं ताट मांडीवर घेऊन.

पडद्यावर संध्याकाळ झाली. धाकटा भाऊ घरातून रागाने बाहेर पडला, दार समोर आपटलं, पावलं डावीकडे गेली आणि मिटली. मग कोणीच बोलेना. पडद्यावर रिकामं आवार आणि वाळत घातलेली जाळी. मला वाटलं सिनेमा अडकला, इंटरनेट गेलं. माझं बोट रिमोटवर गेलं होतं.

ताईने मान वळवली. उजवीकडे, मागे.

मला ऐकू यायला जरा वेळ लागला. ते केव्हा सुरू झालं मला कळलंच नाही. कुंकवाचा डाग असलेल्या त्या डब्यातून, अगदी हळू, काहीतरी सर्रकन गेलं. थांबलं. परत आलं. पडद्यावर पाणी दिसत नव्हतं. नुसतं आवार, जाळी, आणि आमच्या पाठीमागे उजव्या कोपऱ्यात समुद्र.

बायकोचा हात शेंगांवरच राहिला. ती या घरात फार नंतर आली, पण करवंट्या आणि सूप तिला ठाऊक आहेत. माझ्याकडून ते तिने इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी चुकलो तर ती दुरुस्त करते.

ताईचा चेहरा त्या कोपऱ्याकडे वळलेला होता. इतका सरळ, जणू तिला तिथे कोणी बसलेलं दिसत होतं.

'तुरी जास्त घेतल्या त्यानं,' ती म्हणाली.

मी रिमोट खाली ठेवला. म्हणालो, 'सांगू त्याले? थोड्या कमी कर म्हणून?'

'राहू दे,' ताई म्हणाली. 'करू दे त्याले.'

आम्ही तिघं तसेच बसलो. सर्रकन जायचं, थांबायचं, परत यायचं. मग समोर माणसं बोलायला लागली. तरी मागे ते चालूच होतं, बोलण्याच्या खाली, कोणाला न अडवता.

भाचा ठरल्यापेक्षा लवकर आला. गल्लीतून गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ताई म्हणाली, 'हा पिच्चरमधला नाही.' मी रिमोट शोधायला लागलो.

'बंद नको करू,' ती म्हणाली. 'मी चपला घालेपर्यंत चालू राहू दे.'

तिने चपला घालायला बराच वेळ लावला. एक पट्टा लावला, सोडला, पुन्हा लावला. बायकोने मदतीला हात पुढे केला तर तिने तो नुसता धरून ठेवला. भाच्याला घाई होती, नागपूरला जाऊन रात्रीचं विमान गाठायचं होतं. बायकोने संत्र्यांची थैली गाडीत ठेवली, ताईच्या हातावर दही घातलं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मला ताईने जवळ ओढलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, 'घोडे नाही वाजवले आज तू. बरा बसला.'

गाडी बोरगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो.

आत आलो तर सिनेमा आपला चालूच होता. भाऊ परत घरी आला होता, सगळे समोर बसून जेवत होते, आणि मागचे दोन्ही कोपरे चूप होते. बायकोने विचारलं, 'बंद करू का?'

मी नको म्हणालो. सोफ्याच्या मधोमध, ताई बसली होती तिथे बसलो. रिमोट बायकोकडे देऊन टाकला, माझा भरवसा नाही म्हणून. आणि पाठीमागे न बघता बसून राहिलो.